बाण लागत नाहीये? घरचा डान्स पॅड दुरुस्त करायला शिका

डान्स पॅड म्हणजे बाणांवर पाय टाकून नाचाचे व्हिडिओ गेम खेळायची चटई. घडी होणारा मऊ डान्स पॅड काही दिवस नियमित खेळला की कुठेतरी कुरकुर सुरू करतोच. बहुतेक वेळा सुरुवात एका बाणापासून होते. आधी तो जोरात पाय आपटल्यावरच लागतो, मग कधी लागतो कधी नाही, आणि शेवटी साफ मान टाकतो. लोक या टप्प्यावर पॅड टाकून देतात आणि याचंच मला फार वाईट वाटतं. कारण अशा पॅडमधली महागडी वस्तू, म्हणजे कडेच्या प्लास्टिकच्या डबीतला छोटा सर्किट बोर्ड, सहसा धडधाकट असतो. बिघडलेला असतो तो कुठल्यातरी दोन पृष्ठभागांचा एकमेकांशी होणारा संपर्क. तो शोधायला थोडा धीर लागतो आणि दुरुस्त करायला त्याहून कमी.

हा लेख पहिल्यांदाच हातात स्क्रू-ड्रायव्हर धरणाऱ्यांसाठी आहे. एकच विनंती: क्रम मोडू नका. पॅड उघडण्याआधी निदान करा. शिवण आधी उसवली आणि मग कळलं की दोष गेमच्या सेटिंगमध्ये होता, तर चांगला पॅड विनाकारण फाडल्यासारखं होतं.

आत काय असतं

कोनामी कंपनीने डान्स डान्स रेव्होल्यूशन हा खेळ १९९८ साली जपानमधल्या आर्केडमध्ये, म्हणजे पैसे टाकून व्हिडिओ गेम खेळायच्या ठिकाणी, आणला. त्या मशिनच्या प्रत्येक बाणाखाली कडांना चार सेन्सर असतात आणि वर भक्कम पॅनेल. घरच्या मऊ पॅडमध्ये यातलं काहीच नसतं. सगळा खेळ चालतो तो प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर छापलेल्या काळ्या कार्बन शाईवर.

वरून खाली येत गेलो तर सर्वांत वर बाणांचं चित्र असलेलं व्हिनाइलचं कव्हर. त्याखाली पहिली फिल्म, तिच्या खालच्या बाजूला कार्बनचे मोठे ठिपके किंवा पट्टे. मग भोकं पाडलेला फोम. मग दुसरी फिल्म, तिच्या वरच्या बाजूला कार्बन. आणि तळाला न घसरणारं कापड किंवा रबरी जाळी. काही पॅडमध्ये पायाला मऊ लागावं म्हणून आणखी एक जाड फोम असतो. पाय पडला की फोम दबतो, त्याच्या भोकांतून दोन्ही फिल्मवरचे कार्बन एकमेकांना टेकतात आणि सर्किट पूर्ण होतं. टीव्हीच्या रिमोटमधल्या रबरी बटणाखाली जो काळा ठिपका असतो, त्याचंच हे पसरट भावंड आहे.

प्रत्येक बाणाच्या ठिपक्यापासून एक काळी रेघ निघते आणि फिल्मच्या कडेकडेने डबीपर्यंत जाते. दुसऱ्या फिल्मवरून सगळ्यांची मिळून एक सामायिक रेघ येते. डबीत फिल्मचं टोक बोर्डाच्या पट्ट्यांवर नुसतं दाबून बसवलेलं असतं. तिथे सोल्डर (वितळवून जोड देणारा धातू) नसतं, कारण फिल्मला सोल्डरिंगचा ताव सोसत नाही. वरून एक प्लास्टिकची पट्टी (दाबपट्टी), तिच्याखाली बहुधा रबराची चिंधोटी, आणि दोन-तीन स्क्रू. ही जागा लक्षात ठेवा, आपण तिथे परत येणार आहोत.

पायरी १: न उघडता तपासा

पॅड सपाट, कडक जमिनीवर पसरा. गालिच्यावर ठेवून केलेली तपासणी फसवते, कारण खालचा मऊपणा दाब खाऊन टाकतो. चुण्या हाताने बाहेरच्या बाजूला सारून काढा.

यूएसबी पॅड असेल तर संगणकाला जोडा. विंडोजवर विंडोज आणि आर ही दोन बटणं एकत्र दाबली की एक छोटी चौकट उघडते. तिच्यात रोमन अक्षरांत ‘जॉय’, मग टिंब, मग ‘सीपीएल’ असं लिहून एंटर मारा. जोडलेल्या गेम कंट्रोलरची यादी येईल, तिथून ‘प्रॉपर्टीज’मध्ये गेलात की दाबलेलं प्रत्येक बटण पडद्यावर उजळताना दिसतं. स्टेपमॅनिया हा मोफत, मुक्त स्रोत खेळ वापरत असाल तर त्याच्या पर्यायांमध्येही इनपुट तपासायचा पडदा आहे.

आता पायाने नको, हाताने दाबा. तळहात बाणाच्या मध्यावर, मग चारही कोपऱ्यांवर, मग कडांवर. प्रत्येक ठिकाणी काय होतं ते कागदावर टिपून ठेवा. हे काम कंटाळवाणं आहे हे मान्य, पण निम्मी दुरुस्ती इथेच होते. कारण लक्षणांवरून जागा कळते:

- एकच बाण पूर्ण गप्प असेल तर त्या बाणाची रेघ कुठेतरी तुटली आहे, किंवा डबीत तिचं टोक नीट टेकत नाही.
- बाण मध्यावर लागत नाही पण कडेला लागतो, तर मधला कार्बन झिजला आहे. पाय नेमका तिथेच पडतो.
- दोन-तीन शेजारचे बाण एकदम गेले तर आधी डबीतल्या दाबपट्टीवर संशय घ्या.
- सगळेच बाण गेले पण डबीवरची स्टार्ट-सिलेक्ट बटणं चालतात, तर सामायिक रेघ गेली.
- डबीवरची बटणंही गेली किंवा संगणकाला पॅड दिसतच नाही, तर केबल.
- बाण न दाबता लागून राहतो, तर दोन फिल्म कुठेतरी चिकटल्या आहेत.

दोन गोष्टी बिघाडासारख्या दिसतात पण बिघाड नसतात. पहिली म्हणजे डावा आणि उजवा बाण एकेकटे लागतात, पण उडी मारून दोन्ही एकदम दाबले की एकही लागत नाही. इथे पॅड बाणांची माहिती जॉयस्टिकच्या दांडीसारखी पाठवत असतो, आणि दांडी एकाच वेळी डावीकडे आणि उजवीकडे जाऊ शकत नाही. दोन्ही एकमेकांना खोडून काढतात. जुन्या कन्सोलचा पॅड अडॅप्टर लावून संगणकाला जोडला की हे फार वेळा होतं. उपाय असा की बाण स्वतंत्र बटणं म्हणून पाठवणारा अडॅप्टर घ्यायचा. काही पॅडमध्ये केबल जोडताना ठरावीक बटण दाबून ठेवलं की ही पद्धत बदलते, तेव्हा आधी सोबतचं माहितीपत्रक बघा.

दुसरी गोष्ट वेळेची. सगळेच बाण सारखेच उशिरा धरले जात असतील तर पॅडला दोष देऊ नका. टीव्ही चित्र दाखवायला वेळ घेतो किंवा आवाज मागे पडतो. गेममधलं सिंक, म्हणजे चित्र, आवाज आणि पावलांची जुळणी, नीट लावलं की प्रश्न मिटतो. संपर्काचा बिघाड असा शिस्तीत सारखा उशीर कधीच करत नाही.

पायरी २: सामान गोळा करा

लहान स्क्रू-ड्रायव्हर, शिवण उसवायचं हत्यार किंवा टोकदार छोटी कात्री, मल्टिमीटर (विजेची वाट जोडलेली आहे का आणि तिचा रोध किती ते मोजणारं यंत्र), पारदर्शक चिकटपट्टी, रंगकामाची कागदी टेप, कॉपर टेप, वीज वाहून नेणारा रंग (चांदीचा, निकेलचा किंवा ग्राफाइटचा), मऊ सुती कापड, पेन्सिल, कपड्यांचे चिमटे. केबलचं काम निघालं तर सोल्डरिंग आयर्न. मल्टिमीटर साधा चालेल, पण तो हवाच. त्याच्याशिवाय ही दुरुस्ती म्हणजे अंधारात चाचपडणं.

कॉपर टेपबद्दल आधीच एक सांगतो. सगळ्या कॉपर टेपचा डिंक वीज वाहून नेत नाही. दोन तुकडे एकावर एक चिकटवा आणि वरच्या तुकड्यापासून खालच्यापर्यंत मीटर लावून पाहा. शून्याच्या जवळचा आकडा आला तर डिंक कामाचा. नाही आला तर टेपचं टोक दुमडून तांब्याची बाजू कार्बनकडे करावी लागेल.

पायरी ३: आधी डबी, मग पॅड

केबल काढा. पाच व्होल्टने तुम्हाला काही होणार नाही, पण उघड्या बोर्डावर स्क्रू-ड्रायव्हर घसरला तर बोर्डाला होऊ शकतं.

डबीचे स्क्रू उलट बाजूला असतात, कधी रबरी पायांखाली लपलेले. झाकण उघडलं की आधी फोटो काढा. दाबपट्टी हलवण्याआधी फिल्मच्या टोकाच्या दोन्ही कडांना, बोर्डापर्यंत जाईल अशी पेन्सिलची बारीक खूण करा. फिल्म परत बसवताना ती एका रेघेएवढी जरी सरकली तरी डावा बाण वरचा होतो आणि वरचा उजवा. पेन्सिलची ही खूण तासभराची डोकेदुखी वाचवते.

आता दाबपट्टीचे स्क्रू फक्त घट्ट करून बघा. एक पूर्ण आवळून मग दुसरा, असं नको. आलटून पालटून थोडे थोडे. नाहीतर पट्टी तिरकी बसते आणि एका टोकाच्या रेघा हवेत राहतात. पुन्हा केबल लावून बाण तपासा. अनेक पॅड एवढ्यावरच जिवंत होतात, आणि शिवणीला हात लावायची वेळच येत नाही.

नाही झाला तर पट्टी काढा, फिल्म अलगद उचला. चांगल्या फिल्मवर बोर्डाच्या पट्ट्यांचे ठसे एकसारखे उमटलेले असतात. जिथे ठसा पुसट आहे तिथे दाब कमी पडत होता. त्या भागावर, फिल्मच्या पाठीमागे, कागदी टेपचे एक-दोन थर लावले की रबर तिथे जास्त दाबतं. बोर्डाच्या पट्ट्या कोरड्या कापडाने पुसा. कार्बनवर स्पिरिट किंवा थिनर घासू नका, शाई निघून येण्याची भीती असते. कोरडं कापड पुरे.

फिल्म बाजूला आहे तेवढ्यात बोर्डही तपासून घ्या. केबल लावा, तारेचा एक छोटा तुकडा घ्या, त्याचं एक टोक सामायिक पट्टीवर धरा आणि दुसरं एकेका बाणाच्या पट्टीला टेकवा. सामायिक पट्टी बहुतेक वेळा इतरांपेक्षा रुंद असते किंवा तिच्याजवळ रोमनमध्ये ‘जीएनडी’ लिहिलेलं असतं. ज्या पट्ट्यांवर फिल्म बसते त्याच पट्ट्यांना तार लावायची, केबलच्या सोल्डर केलेल्या टाक्यांजवळ जायचं नाही. पडद्यावर सगळे बाण उजळले तर बोर्ड निर्दोष आहे आणि गुन्हेगार फिल्ममध्ये आहे. एखादा नाही उजळला तर चिपची तेवढी वाट गेली.

त्यावरही एक सुंदर पळवाट आहे. चार बाणांच्या पॅडवर कोपऱ्यांमध्येही बटणं असतात आणि नाच करताना ती फारशी लागत नाहीत. मेलेल्या पट्टीवर फिल्मचं जे टोक येतं, ते बारीक तारेने अशा एखाद्या कोपऱ्याच्या पट्टीला जोडा, त्या कोपऱ्याची स्वतःची रेघ कागदाचा तुकडा घालून अलग करा, आणि गेमच्या सेटिंगमध्ये त्या बटणाला बाण म्हणून नेमा. स्टेपमॅनियात ही नेमणूक दोन मिनिटांचं काम आहे. पंप इट अप या दुसऱ्या नाचाच्या खेळाच्या धर्तीचा, म्हणजे चार कोपरे आणि मध्य वापरणारा पॅड असेल तर मोकळी बटणं वेगळी असतील, तत्त्व तेच.

आणि बोर्ड पूर्णच गेला असेल तर? चिप बहुधा काळ्या डांबरी ठिपक्याखाली गाडलेली असते, ती बदलता येत नाही. पण तिची जागा जुन्या यूएसबी गेमपॅडचा बोर्ड किंवा आर्डुइनो लिओनार्डोसारखा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड घेऊ शकतो, कारण लिओनार्डो संगणकाला स्वतः कीबोर्ड किंवा जॉयस्टिक म्हणून ओळख देतो. ते नवख्याचं पहिलं काम नव्हे, पण अशक्यही नाही.

पायरी ४: पॅड उसवा आणि तुटलेली रेघ शोधा

कडा नीट बघा. काही पॅडना एका बाजूला चेन किंवा वेल्क्रो असते. बाकीच्यांना चारही बाजूंनी पट्टी लावून शिवलेलं असतं. डबीची बाजू आणि तिच्या लगतच्या दोन बाजू अर्ध्यापर्यंत, एवढीच शिवण उसवा. टाके कापायचे, व्हिनाइल नाही. कडा शिवलेल्या नसून उष्णतेने चिकटवलेल्या असतील तर तळाच्या कापडाच्या बाजूने, कडेपासून बोटभर आत, सरळ काप घ्या. वरचं चित्र शाबूत राहतं आणि नंतर टेपने बंद करता येतं.

थर एकेक करून काढताना प्रत्येकाच्या एकाच कोपऱ्यावर खूण करा. फोम उलटा बसला तर भोकं बाणांखाली येत नाहीत.

आता फिल्म उजेडासमोर धरा. मागे दिवा असावा. कार्बनची रेघ गडद काळी दिसते आणि तुटलेल्या जागी केसाएवढी फिकट फट चमकते. ती जवळजवळ नेहमी घडीच्या जागी असते. ज्या रेषेत तुम्ही पॅड दर वेळी दुमडत आलात, त्याच रेषेत शाई तडकलेली असते, आणि शेजारच्या दोन-तीन रेघांवरही त्याच ओळीत तड्यांची सुरुवात दिसते. आज फक्त एक बाण गेला असला तरी त्या सगळ्या आजच दुरुस्त करा.

डोळ्याला दिसलं नाही तर मीटर. इथे नवख्यांची मोठी फसगत होते. मीटरवर ‘बीप’ वाजणारी सोय लावतात, बीप येत नाही, आणि अख्खी फिल्म मेली असा निष्कर्ष काढतात. कार्बन म्हणजे तांबं नव्हे. त्याच्या लांब रेघेचा रोध काहीशे ओहमपासून काही हजार ओहमपर्यंत सहज असतो आणि बीप तर अगदी कमी रोधालाच वाजते. म्हणून मीटर रोध मोजायच्या २० किलो-ओहमच्या पायरीवर लावा. एक टोक रेघेच्या डबीकडच्या शेवटावर, दुसरं बाणाच्या ठिपक्यावर. आधी चालू असलेल्या बाणाचा आकडा घ्या, मग बिघडलेल्याचा. लांबी साधारण सारखी असेल तर आकडेही जवळपास यायला हवेत. खूप मोठा आकडा म्हणजे रेघ तडकली आहे पण पूर्ण तुटलेली नाही. आकडाच नाही म्हणजे तुटली. मग एक टोक जागेवर ठेवून दुसरं हळूहळू जवळ आणत जा. आकडा जिथे अचानक येतो, त्याच्या अलीकडेपलीकडे तडा.

मीटरच्या टोकदार सुया कार्बनवर टोचू नका, ओरखडा उठतो आणि तिथे नवा बिघाड होतो. सुईच्या टोकाला अॅल्युमिनियमच्या फॉइलची छोटी गुंडाळी करा आणि ती चपटी दाबा.

पायरी ५: रेघ जोडा

तीन मार्ग आहेत. कुठला घ्यायचा हे तडा किती आणि कुठे यावर ठरतं.

एक-दोन ठिकाणी बारीक तडा असेल तर रंग. रेघेच्या दोन्ही बाजूंना कागदी टेप लावा, म्हणजे रंग शेजारच्या रेघेवर जाणार नाही. तड्याच्या दोन्ही बाजूंना सेंटिमीटरभर तरी पुढे जाईल असा पातळ थर द्या, वाळू द्या, दुसरा द्या. पूर्ण वाळल्यावरच मोजा. ओल्या रंगाचा आकडा खोटा असतो. पण नुसता रंग त्याच घडीवर पुन्हा तडकेल. म्हणून फिल्मच्या पाठीवर, तड्याच्या बरोबर मागे, पारदर्शक पट्टीचे दोन थर लावून ती जागा ताठ करा. वाकणंच थांबलं की रंग टिकतो. माझ्या मते या दुरुस्तीतला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे आणि तोच बहुतेक जण सोडतात. पेन्सिलची रेघ ओढून काम भागतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तिचा रोध जास्त असतो आणि ती पायाच्या दाबाने झडते.

तडे रुंद असतील किंवा कार्बनच निघून गेला असेल तर कॉपर टेप. रेघेपेक्षा थोडी अरुंद पट्टी कापा, कोपरे गोल करा कारण टोकदार कोपरा फोमला आणि समोरच्या फिल्मला चिरतो, आणि चांगल्या कार्बनवर दोन्हीकडे दोन-दोन सेंटिमीटर जाईल अशी चिकटवा. वरून पारदर्शक पट्टी. टेप नसेल तर फॉइलची पट्टीही चालते, मात्र तिला डिंक लावायचा नाही. फॉइल कार्बनवर कोरडी ठेवून वरून चिकटपट्टीने दाबून बसवायची. फॉइल लवकर फाटते, म्हणून ती तात्पुरती समजा.

रेघ जागोजागी गेली असेल तर तिचा नाद सोडा आणि नवी तार टाका. बारीक, अनेक तारांची लवचिक वायर घ्या. एकसंध ताठ तार पायाखाली मोडते. आधी कॉपर टेपच्या तुकड्यावर वायरचं टोक फिल्मपासून दूर, लाकडावर ठेवून सोल्डर करा आणि तो तुकडा गार झाल्यावर बाणाच्या कार्बनवर चिकटवा. फिल्मवर थेट आयर्न टेकवलं तर फिल्म क्षणात आक्रसते. वायर पॅडच्या कडेने, पाय पडत नाही तिथून न्या, आणि मधे थोडी सैल ठेवा. डबीत बोर्डाच्या पट्टीवर सोल्डर धरत नसेल तर तिच्यावर कार्बनचा काळा लेप आहे. तो ब्लेडने खरवडला की खालचं तांबं दिसतं.

बाणाच्या मध्यावरचा कार्बन झिजला असेल तर झिजलेल्या भागावर कॉपर टेपच्या पट्ट्या शेजारी शेजारी लावा आणि त्यांचा चांगल्या कार्बनशी संबंध आहे ना ते मोजून घ्या. सुरकुती अजिबात नको. उभी राहिलेली सुरकुती फोमच्या भोकातून पलीकडे पोचते आणि बाण कायमचा लागून राहतो.

जोड कुठलाही असो, तो फोमच्या भोकासमोर येत नाही ना, हे थर एकमेकांवर ठेवून बघा. बाणाच्या बाहेरच्या रेघेवरचा जोड समोरच्या फिल्मच्या कार्बनला टेकायला नकोच.

बाण लागूनच राहतो तेव्हा

याचं कारण बहुधा फोम. वर्षानुवर्षं पाय पडून भोकांच्या कडा चेपतात आणि दोन्ही फिल्म दाबाशिवायच टेकतात. आधी सोपं करून पाहा: पॅडचा कोपरा ओढून ताण दिला की बाण सुटतो का? सुटला तर दोष चुणीचा आहे, फोमचा नाही. घामाने किंवा पाणी सांडून आत ओल गेली असेल तरी असंच होतं. घामातलं मीठ वाळल्यावरही दमटपणात वीज वाहून नेतं, म्हणून डाग दिसला तर जरा ओलसर कापडाने अलगद टिपा, लगेच कोरडं करा आणि थर वेगळे ठेवून सावलीत पंख्याखाली वाळवा. उन्हात नको, फिल्म वेडीवाकडी होते. हेअर ड्रायर वापरायचाच तर गार हवेवर.

फोम खरंच चेपला असेल तर त्या बाणापुरता नवा तुकडा घाला. जाडी मूळ फोमएवढी आणि भोकं त्याच मापाची. जाड फोम घातला तर बाण अडकणार नाही खरा, पण तो लागण्यासाठी पाय आपटावा लागेल. भोकं मोठी केली तर बाण हलका होतो आणि परत अडकू लागतो. हे संतुलन एका फटक्यात साधत नाही. थोडासाच चेपला असेल तर नवा फोम न घालता भोकांच्या मधल्या जागेवर दुहेरी टेपचे बारीक तुकडे लावून उंची वाढवता येते.

एका पावलाला दोनदा नोंद होत असेल तर तेही याच कुटुंबातलं दुखणं. दाबपट्टी घट्ट करूनही थांबलं नाही तर स्टेपमॅनियात डीबाउन्सची वेळ, म्हणजे एका नोंदीनंतर लगेच येणारी दुसरी नोंद दुर्लक्षित करायची वेळ, थोडी वाढवून पाहा. फार वाढवलीत तर जलद पावलंच गिळली जातील.

केबल

केबल मोडते ती बहुधा डबीतून बाहेर पडते तिथे किंवा प्लगच्या गळ्याशी. जोडून ती हळूहळू वाकवा. संगणक जोडल्याचा-तुटल्याचा आवाज करू लागला की जागा सापडली. तुटक्या भागाच्या पुढे कापा, आणि लाल-काळा-हिरवा-पांढरा असा रंगाला रंग जोडा. नियमाप्रमाणे लाल म्हणजे ५ व्होल्ट, काळा ग्राउंड, हिरवा-पांढरा डेटा. पण स्वस्त केबलमध्ये रंगांवर विसंबू नका, प्रत्येक तार दोन्ही टोकांना मीटरने पडताळा. इथे बीप चालते, कारण हे तांबं आहे. प्रत्येक जोडावर वेगळी स्लीव्ह (वीजरोधक नळी) चढवा आणि डबीच्या आत केबलला गाठ मारा, म्हणजे ओढ बसली तर ती टाक्यांवर येणार नाही.

पायरी ६: बंद करा

शिवायची घाई नको. थर क्रमाने ठेवा, कडांना चिमटे लावा आणि चार-पाच गाणी खेळून बघा. फॉइल सरकणं, टेप उचकटणं यातलं जे व्हायचं ते याच वेळात होतं.

मग शिवताना जुन्याच भोकांतून सुई घाला. व्हिनाइलला नवी भोकं पाडली की ते त्या ओळीत फाटतं. डबीकडची बाजू मात्र शिवू नका, तिथे वेल्क्रोची पट्टी लावा. ज्या पॅडची रेघ एकदा तडकली आहे त्याची दुसरीही कधीतरी तडकणार, आणि तेव्हा हाच दरवाजा उपयोगी येईल.

पॅड घसरत असेल किंवा चुण्या पडत असतील तर त्याला प्लायवुडच्या सपाट फळीवर कडांनी टेप लावून बसवा. खाली कडक आधार आला की कमी जोरात बाण लागतो, जमिनीच्या खाचा फोमला छळत नाहीत आणि पॅड दुमडायचा प्रश्नच राहत नाही. फळीला जागा नसेल तर निदान घडी घालणं सोडा आणि पुठ्ठ्याच्या जाड नळीभोवती सैल गुंडाळून ठेवा. केबल डबीभोवती आवळून गुंडाळू नका. आणि बूट घालून खेळू नका. अनवाणी किंवा मोज्यांवरच.